दोरीचं दुसरं टोक

तारेच्या त्या मोठ्या त्रिकोणावर ओल्या चादरी वाळत घालायच्या नसतात, हे आईंना पटवून देण्यात तिच्या संसाराची पहिली दोन वर्षं गेली.

“एवढी ऐसपैस तार. वारा आहे, ऊन आहे. आणि मेला साधा रुमाल टाकू देत नाही तुम्ही,” आई म्हणायच्या. आई म्हणजे तिच्या सासूबाई. “म्हणे आकाशातलं ऐकायला तार! मला शेजारच्या घरातलं ऐकायला जन्मात कधी तार लागली नाही.”

घर गावाच्या वरच्या अंगाला, उताराच्या टोकाशी होतं. घर कसलं, आकाशातले आवाज नोंदवणारं केंद्रच ते. पुढच्या खोलीत यंत्रं, मागच्या दोन खोल्यांत संसार, मधे एक पडदा. पुढच्या खोलीत लांब टेबल होतं. त्यावर संगणक, आवाज मोठा करणारी करड्या रंगाची पेटी आणि मायक्रोफोन. भिंतीवर टेलिफोन. खिडकीत कुंडीतलं एक रोप होतं. त्याला पाणी घालायचं काम आईंनी हट्टानं स्वतःकडे घेतलं होतं आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यामुळे त्या निम्मं पाणी खिडकीच्या कट्ट्याला घालायच्या. खिडकीबाहेर उंच गवत, गवतात खांब, आणि खांबावर ताणून बसवलेला तो त्रिकोण.

गावातून वर येणारा रस्ता वळणं घेत यायचा. बेकरीवरून, सायकल दुरुस्तीवाल्यावरून, शाळेच्या भिंतीला वळसा घालून तो केंद्राच्या फाटकाशी पोचायचा. सरळ वर यायचं तर गवतातून, तारेच्या खालून यावं लागे. पण तिथलं गवत कमरेएवढं, कायम ओलं आणि काटेरी. तिकडून कुणी येत नसे.

तिचं काम उजाडतानाचं. फटफटायला लागलं की ती कानांवर हेडफोन चढवायची. डाव्या कानात तारेनं पकडलेलं आकाश, उजव्या कानात मायक्रोफोन, म्हणजे खोली. डाव्या कानात आधी नुसती तडतड यायची, दूरदूरच्या विजांची. वाळक्या पानांवरून कुणी चालावं तशी. मग कुठूनतरी एक शीळ उठायची, खालून वर चढत जाणारी. तिच्या पाठोपाठ दुसरी. मग इतक्या, की मोठ्या झाडावरची सगळी पाखरं एकदम जागी झाली असं वाटावं.

पाखरं नव्हती ती. पृथ्वीच्या कितीतरी वर, तिच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले विद्युतभारित कण होते. सूर्याकडून आलेले, कुठूनतरी आत शिरलेले आणि बाहेरची वाट न सापडलेले. तिथे ते दाटले, थरारले, की रेडिओलहरी उठतात. त्या लहरी तारेत पकडून नुसत्या कानाला लावल्या की हा कलकलाट. तो पहाटेच्या बाजूलाच का होतो, हे तिला समीकरणासकट माहीत होतं. तरी रोज पहिली शीळ येईपर्यंत ती श्वास धरून बसायची.

आईंना तिनं एकदा हे सगळं एक दोरी आणि एक मणी घेऊन समजावलं होतं. दोरीचं एक टोक स्वतःच्या हातात, दुसरं आईंच्या.

“हे आपलं टोक, इथे गवतात. इथून दोरी वर जाते. खूप वर, कमानीसारखी. आणि पलीकडे उतरते ती दक्षिणेच्या समुद्रात, त्या बेटावर. तुमचा मुलगा जिथे बसलाय तिथे. म्हणून तर तिथे दुसरं केंद्र आहे.”

“आणि हा मणी?”

“तो अडकलेला कण. दोरीभोवती गिरक्या घेत तो या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. टोक जवळ आलं की उलटा वळतो. जमिनीला टेकत नाही. जाऊन येऊन साधारण एक सेकंद.”

“भटक्याच म्हणायचा. दारापर्यंत येणार आणि वळणार.”

भटक्या म्हणजे तिचा नवरा. हे नाव आईंनीच ठेवलेलं. दूध आणायला गेला तर संध्याकाळी यायचा, तेही हातात कुणाचीतरी मोडकी छत्री घेऊन आणि दूध विसरून. कॉलेजातून, बाजारातून, स्वतःच्या साखरपुड्यालासुद्धा तो सरळ असा कधी आलाच नव्हता. वाटेत बेकरीवाल्याशी गप्पा, सायकलवाल्याच्या हातातला पाना घेऊन स्वतःच चाक फिरवून बघणं. “जन्मालाच उशिरा आला,” आई म्हणायच्या, “डॉक्टर जेवायला निघून गेले तेव्हा.”

“पण गिरक्या घेत आला तरच वळतो हं, आई,” तिनं त्या दिवशी सांगितलं होतं. “जो अजिबात न फिरता सरळ येतो, तो नाही वळत. तो थेट खालच्या हवेत घुसतो. थोडासा उजेड पडतो आणि संपतो.”

आई मणी चाचपत राहिल्या. “म्हणजे फिरता तोच टिकतो म्हण ना.”

“आणि हे इकडून तिकडे चाललेलं असताना ते हळूहळू बाजूला सरकत पृथ्वीभोवती फेरीही मारतात. एखादा घोळका निघाला की फिरून पुन्हा त्याच जागी येतो. पुन्हा जातो, पुन्हा येतो. फक्त दर फेरीला थोडा पांगलेला. विरळ.”

“पण येतो ना?”

“येतो.”

“मग झालं तर,” आई म्हणाल्या आणि दोरी गुंडाळून त्यांनी पडद्याला बांधायला घेतली.

दोन्ही केंद्रांची कामाची पद्धत एकच होती. नोंद सुरू करताना मायक्रोफोन उघडायचा. त्याचा लाल दिवा लागतो. केंद्राचं नाव सांगायचं, हवा कशी आहे ते सांगायचं आणि एकदा टाळी वाजवायची. मग मायक्रोफोन बंद. संगणक वेळ लिहितोच, पण ही रीत संगणकाच्या आधीची, आणि दोघांनाही ती सोडवत नव्हती. नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून तिची टाळी त्याच्या टाळीवर बसवायची, म्हणजे इकडची शीळ तिकडे कधी पोचली ते कळतं. एक नियम मात्र कडक होता: नोंदीत आलेलं काहीही पुसायचं नाही. खोकला आला तर खोकला राहणार.

नोंद संपली की टेलिफोन. याला ती ताळा म्हणायची, आणि म्हणून तो तिला ताळेबाई. बेटावरचा टेलिफोन उपग्रहावरून यायचा, त्यामुळे प्रत्येक उत्तराला एक श्वासभर उशीर. सुरुवातीला दोघं एकदम बोलायची आणि एकदम गप्प व्हायची. आता त्या अंतराची सवय झाली होती. प्रश्न टाकायचा, थांबायचं, मग तो यायचा.

“काय ताळेबाई, आली का पाखरं?”

“आली. तुझ्याकडे?”

श्वासभर शांतता.

“कालच्यापेक्षा जास्त. सूर्यावर मोठा भडका उडालाय. आता बघ, पृथ्वीभोवतीचे सगळे पट्टे कणांनी गच्च भरणार. या आठवड्यात नुसती धमाल.”

“या आठवड्यात तुझी बोट आहे.”

या वेळची शांतता श्वासापेक्षा मोठी होती.

“बोट काय, पुढच्या खेपेलाही येतेच की गं.”

“आईंचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंय. पट्टी सुटली की पहिला तूच दिसायला हवास, असं धरून बसल्यात त्या. डोळ्यांचे डॉक्टर आता मला बाजारात बघून रस्ता बदलतात.”

“आईला म्हणावं, पट्टी सुटल्यावर माझं तोंड बघशील आणि म्हणशील, बांधा परत.”

“हसू नकोस. तिसरी बोट सोडतोयस तू. मी इथे रोज तुझ्या टाळीवर माझी टाळी बसवते, तेवढाच आपला संसार चाललाय.”

“अगं, असं वादळ पुन्हा केव्हा येईल? ऐक तर एकदा नीट. ऐकलंस की म्हणशील, राहा.”

तिनं टेलिफोन जागेवर ठेवला. पडद्यामागून आवाज आला, “येत नाहीये ना?”

“आई, तुम्ही ऐकत होता?”

“मला तार लागत नाही, सांगितलंय ना तुला.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना धुकं होतं. तिला झोप धड लागली नव्हती. हेडफोन चढवले तर डाव्या कानात कलकलाट इतका दाट, की एक शीळ दुसरीपासून वेगळी काढता येईना. भडका पोचला होता. तिनं मायक्रोफोन उघडला, केंद्राचं नाव सांगितलं, “धुकं, वारा नाही,” असं सांगितलं, टाळी वाजवली. आणि ती तशीच बसून राहिली. तो या क्षणी दोरीच्या त्या टोकाला असाच कान लावून बसला असेल, डोळे मिटून, हसत, असं तिच्या मनात आलं आणि तिचं डोकंच फिरलं.

“पुरे झालं आता,” ती मोठ्यानं म्हणाली. “ती बोट नको, बस नको, बेकरी नको. कुठे थांबू नकोस, कुठे वळू नकोस. सरळ घरी ये.”

कलकलाट थांबला.

अगदी थोडा वेळ. कुणी कानावर तळहात ठेवावा तसा. मग पुन्हा सुरू झाला.

समोर लाल दिवा लागलेलाच होता. तिनं झटकन बटण दाबलं आणि जीभ चावली. झालं, आता हे घरगुती भांडण कायमचं नोंदीत राहणार. उद्या कुठलातरी विद्यार्थी अभ्यासासाठी ते ऐकणार. तिला हसू आलं. मायक्रोफोन फक्त संगणकाला जोडलेला होता. तिथून आकाशात काही जायला वाटच नव्हती. तार ऐकायची होती, बोलायची नव्हती.

दुपारी जेवणं झाल्यावर तिनं तो भाग पुन्हा लावला. उजव्या कानात तिचा आवाज, चिडका, थोडा घोगरा. डाव्या कानात कलकलाट तुटतो ती जागा. आणि त्या शांततेत एक शीळ. सकाळी तिला ती ऐकू आली नव्हती. रोजच्या शिळा खालून वर चढतात. ही वरून खाली उतरत होती, लांबच लांब, मऊ, आणि मधेमधे थांबत होती. शब्द नव्हते तिच्यात. पण ‘पुरे झालं आता’नंतर जेवढा थांबा, तेवढाच तिच्यात. ‘कुठे थांबू नकोस, कुठे वळू नकोस’चे दोन झोके तसेच. आणि शेवटी तोच उतार.

तिच्या बोलण्यानंतर एक सेकंदानं.

ती शास्त्र शिकलेली होती. तिनं वायरी काढून पुन्हा जोडल्या. एका बाजूचा आवाज दुसरीत झिरपतो, हे तिला माहीत होतं. पण झिरपलेला आवाज त्याच क्षणी येतो, एक सेकंद फिरून येत नाही. तिनं मायक्रोफोनपुढे टाळ्या वाजवल्या, ओरडून पाहिलं, आईंना बोलायला लावलं. आई म्हणाल्या, “काय बोलू? माझ्या सुनेला वेड लागलंय?” डाव्या कानात काही आलं नाही. चहा करायला उठताना तिच्या लक्षात आलं, की आपल्या हातावरची लव ताठ उभी आहे.

पुढच्या सकाळच्या ताळ्याला तोच आधी बोलला. आवाज झोपेतून उठल्यासारखा होता.

“काल तू काय लावलं होतंस गं तिकडे?”

“काही नाही. का?”

“माझ्या नोंदीत एक शीळ आहे. उतरती. काल एकदाच होती. आज तीच परत आली, थोडी फिकट. फेरी मारून आल्यासारखी.” तो हसला. “मला तर वाटलं, तूच माझ्यावर ओरडतेयस.”

“मग?”

“मग काही नाही. ती ऐकली की उठून चालू लागावंसं वाटतं. आत्ता मघाशी मी तारेच्या खाली उभा होतो. इथल्या डॉक्टरनं हाक मारली तेव्हा कळलं. पायात बूट नव्हते.”

“ऐक, तू ती नोंद पुन्हा लावू नकोस.”

शांतता.

“येतो मी,” तो म्हणाला.

“कशानं? बोट तर काल गेली ना?”

शांतता. बराच वेळ. मग टेलिफोन बंद झाल्याचा आवाज.

त्या बेटावरून घरी यायचं म्हणजे आधी बोट, मग दोन विमानं, मग बस. वरातीमागून घोडं यावं तसा तो नेहमी त्यात आणखी काही दिवस घालायचा. हिशोब तिला पाठ होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, टाळी वाजवून मायक्रोफोन बंद केल्यावर, डाव्या कानातला सगळा कलकलाट एकाएकी नाहीसा झाला आणि तिनं सहज मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, तेव्हा गवतातून कोण चालत येतंय हे ओळखूनही ती तशीच बसून राहिली.

तो तारेच्या खालून येत होता. आईंनी विणलेला तपकिरी स्वेटर अंगात. हातात काही नाही. धुकं त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं आणि कमरेएवढं गवत त्याच्या चालण्यानं हलत नव्हतं.

बोट लवकर निघाली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. आपल्याला चकित करायचं म्हणून काल वाटेतूनच टेलिफोन केला असेल. असं होऊ शकत नाही हेही तिला ठाऊक होतं. पण उतू जाणाऱ्या दुधाकडे धावताना हातातलं पुस्तक जसं कुठेतरी ठेवून देतात, तसं ते ठाऊक असणं तिनं कुठेतरी ठेवून दिलं आणि ती दाराकडे पळाली.

“अरे! कसा आलास तू?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. हसला. श्वासभर थांबला.

“सरळ आलो.”

त्याच्या अंगाला ठिणगी उडून गेल्यावर येतो तसा वास होता. तिनं त्याचा हात धरला तेव्हा तिच्या हातावरची लव पुन्हा उभी राहिली, आणि केसही, वाऱ्याशिवाय, त्याच्या दिशेनं. पायात बूट नव्हते. पावलं कोरडी होती. ती इतकी आनंदात होती, की तिला रडू आलं.

“कोण गं?” आई भिंतीला धरून पुढच्या खोलीत आल्या.

तो श्वासभर थांबला. मग तो म्हणाला, “मी.”

आईंनी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला. चट् असा आवाज झाला आणि त्यांनी बोटं झटकली. “अगं बाई! वीज भरून आलाय अंगात.” त्या हसल्या, पुन्हा हात लावला, मग त्याचा हात ओढून नाकाशी नेला. “बेकरीत नाही थांबलास?”

श्वासभर.

“नाही.”

“सायकलवाल्याकडे?”

श्वासभर.

“नाही.”

आईंचं हसू मावळलं. त्यांनी त्याला लांब टेबलाजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसून त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं, गर्दीत लहान मुलाचं धरतात तसं. “आता बस इथे,” त्या म्हणाल्या. “उठायचं नाही.”

तिनं चहा केला. कप त्याच्यापुढे ठेवला. खिडकीतून पांढरा उजेड येत होता, खोली दुधात बुडाल्यासारखी शांत होती. ती विचारत राहिली: प्रवास कसा झाला, सामान कुठे आहे, भूक लागलीय का. तो प्रत्येक प्रश्नाकडे प्रेमानं बघायचा, थांबायचा आणि मग उत्तर द्यायचा. ते थांबणं तिला फार ओळखीचं वाटत होतं. कुठे ऐकलंय आपण हे, असा ती विचार करत होती. इतक्यात भिंतीवरचा टेलिफोन वाजला.

ताळ्याची वेळ झाली होती.

तिनं तो उचलला. “कोण?”

“मीच. आवाज ओळखेनास की काय?” तिच्या मागे, खुर्चीतून, तो म्हणाला.

एका सेकंदानं टेलिफोनमधून तोच आवाज आला, तेवढ्याच हसण्यासकट. “मीच. आवाज ओळखेनास की काय?”

तिनं वळून पाहिलं नाही. समोर भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर, कॅलेंडरच्या खिळ्याला गंज चढलेला. ती त्या गंजाकडे बघत राहिली.

“तू कुठे आहेस?” तिनं विचारलं.

“इथेच,” मागून.

“इथेच,” कानात.

“दोनदोनदा काय बोलतोय गं तो?” आई म्हणाल्या.

मग तिला मणी आठवला.

दोन्ही हातांनी टेलिफोन घट्ट धरून ती भराभर बोलायला लागली. “ऐक. तू वळ. आत्ताच्या आत्ता वळ. मी उगाच बोलले ते. सावकाश ये. बोटीनं ये, पुढच्या ये, त्याच्या पुढच्या ये. बेकरीत थांब. जिथे दिसेल तिथे थांब. फिरत फिरत ये. ऐकतोयस ना? वळ.”

श्वासभर शांतता.

“आता कसा वळू?” मागून तो म्हणाला. चिडला नव्हता. थोडं कोडं पडल्यासारखा. “सरळ आलो ना.”

ती टेलिफोनमधून ते वाक्य परत यायची वाट पाहत राहिली.

आलं नाही.

समोरच्या भिंतीवर उजेड पडला. फिकट, हिरवट, बसलेल्या माणसाच्या उंचीचा. कॅलेंडरवर, खिळ्यावर, तिच्या हातावर. आवाज नव्हता. मग तो विझला आणि खिडकीतून येणारी रोजची सकाळ तेवढी उरली.

ती वळली.

खुर्ची रिकामी होती. आईंच्या बोटांची मूठ तशीच आवळलेली होती, मनगटाएवढी पोकळी ठेवून.

टेलिफोनमध्ये खुडबुड झाली. अनोळखी, दमलेला आवाज. “हॅलो? मी इथला डॉक्टर बोलतोय. कोण आहे तिकडे? अहो, तो आत्ता इथेच बसून बोलत होता. रिसीव्हर लोंबकळतोय. दार आतून लावलेलं आहे.” तो थोडा थांबला. “खुर्ची अजून गरम आहे.”

तिनं काही उत्तर द्यायच्या आत मागून आईंचा आवाज आला. त्यांचा हात खुर्चीवर फिरत होता.

“गरम आहे गं अजून.”

बेटावर बराच शोध घेतला. लहानसं बेट ते, शोधायला जागा तरी किती. पुढच्या बोटीनं त्याचं सामान आलं. त्याचे बूट तिनं दाराशी ठेवले.

काही दिवसांनी आई आपणहून म्हणाल्या, “डॉक्टरला सांग, डोळे करून टाक माझे.”

“आई, तुम्ही तर म्हणत होता…”

“म्हणत होते. आता दिसायला हवंय मला.”

ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटली तेव्हा समोर डॉक्टर होते आणि ती होती. आईंनी दोघांकडे पाहिलं, मान हलवली आणि घरी चला म्हणाल्या. येताना त्या सगळी वळणं चालत आल्या. बेकरीपाशी थांबल्या, सायकलवाल्यापाशी थांबल्या.

वादळ ओसरलं होतं. कलकलाट पुन्हा रोजच्यासारखा झाला होता. बेटावर अजून नवीन माणूस आलेला नव्हता, त्यामुळे तिच्या टाळीवर बसवायला दुसरी टाळी नव्हती. तरी ती रोज टाळी वाजवायची आणि लगेच मायक्रोफोन बंद करायची. केंद्राचं नाव आणि हवा, याच्यापुढे एक शब्द बोलायची नाही. आईंनाही तिनं सांगून ठेवलं होतं: लाल दिवा असताना हूं की चूं करायचं नाही.

आई आता उजाडताना तिच्याबरोबरच उठायच्या आणि रोपाला पाणी घालायला खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. पाणी कुंडीतच पडायचं. एक थेंब कट्ट्यावर नाही.

त्या दिवशीही धुकं होतं. टाळी वाजवून, मायक्रोफोन बंद करून ती डाव्या कानानं ऐकत होती. कलकलाट थांबला. अगदी थोडा वेळ. मग सुरू झाला. हे अलीकडे दर काही दिवसांनी व्हायचं. ती त्याची नोंद करायची, कारण लिहायची जागा रिकामी ठेवायची.

तिनं मान वर केली. आई खिडकीतून तारेकडे पाहत होत्या. पाण्याचं भांडं हातात तसंच तिरकं, पाणी संपलेलं.

तिनं बाहेर पाहिलं. गवत. खांब. धुकं.

“काय बघताय, आई?”

“काही नाही,” आई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, दूधवाला येऊन गेला असं सांगावं तसा. “येतो तो. सांगितलं होतंस तू, येतो म्हणून. गेल्या खेपेला स्वेटरची वीणसुद्धा दिसली होती मला.”

त्यांनी रिकामं भांडं कट्ट्यावर ठेवलं.

“आज त्याच्यातून मागची तार दिसत होती.”